गुडघ्याचा फोटो

माझ्या गुडघ्याला काय झालंय हे मला सोडून गावात सगळ्यांना ठाऊक होतं. पोलीस भरतीच्या अकॅडमीतले सर म्हणाले, मसल वीक आहेत, बैठका वाढव. गावातल्या डॉक्टरांनी व्हिटॅमिन कमी आहे असं सांगून कमरेत इंजेक्शन दिलं. आप्पा, म्हणजे माझे वडील, म्हणाले बूट बदलून बघ. शेजारच्या काकूंनी तर मुळावरच घाव घातला, की पोरीच्या जातीनं एवढं पळूच नये, आतलं सगळं हलतं. जखम मांडीला आणि मलम शेंडीला, असा सगळा कारभार चालला होता. मी प्रत्येकाचं ऐकत होते, कारण मला फक्त पुन्हा पळता यायला हवं होतं.

तेव्हा मी बारावीला होते. कोल्हारपासून थोडं आत, कॅनॉलच्या कडेला आमची वस्ती. पोलीस भरतीची तयारी करणाऱ्या आम्ही मुली सकाळी त्या कॅनॉलच्या भरावावरून पळायचो. भरतीत मुलींना आठशे मीटर पळावं लागतं. माझं सगळं आयुष्य त्या आठशे मीटरवर टांगलेलं होतं, कारण बारावी झाली की घरात स्थळांचा विषय निघणार हे स्पष्ट होतं. आप्पांनी मला शब्द दिला होता, की वर्दी अंगावर आली तर तुझ्या लग्नाचं तू बघ. आप्पांचं दूध संकलनाचं केंद्र आहे. दुधात पाणी घालणाऱ्याला ते तोंडावर सुनावतात, तसेच शब्दालाही पक्के आहेत. मी अकॅडमीत पहिल्या तिघींत यायचे. आणि मग डाव्या गुडघ्याच्या आतल्या बाजूला, सांध्याला लागून, दुखायला लागलं.

आधी पळाल्यावर दुखायचं, मग पळताना, मग नुसतं बसल्यावरही. गुडघा सुजायचा, उतरायचा, परत सुजायचा. मांडी घालून बसता येईना.

"माजंबी आसंच हुतं," आत्या म्हणाली. "वात हाय तो. काय न्हाई हुत."

आत्या म्हणजे आप्पांची थोरली बहीण. ती आमच्याच घरात राहते, कारण तिचं लग्न झालं नाही. लग्न झालं नाही, कारण तिचा डावा पाय गुडघ्यात वाकत नाही. माझ्याच वयाची असताना तो दुखायला लागला, वर्षभर ती अंथरुणात होती, आणि उठली तेव्हा पाय सरळचा सरळ राहिला होता. मला तिनंच वाढवलं. आईचा सगळा दिवस गोठ्यात जायचा, त्यामुळे माझी वेणी, डबा, परीक्षेला जाताना हातावर दही, सगळं आत्याकडे. आमच्या वस्तीत उभ्यानं स्वयंपाक करायचा ओटा सगळ्यांत आधी आमच्या घरी आला तो श्रीमंतीमुळं नाही. आत्याला चुलीपुढं बसता येत नव्हतं म्हणून आप्पांनी स्वतः विटा आणून बांधला. बसमध्ये ती नेहमी कडेची सीट धरायची आणि पाय मधल्या वाटेत लांब करून बसायची. कंडक्टर म्हणायचा, "मावशी, पाय आत घ्या." आत्या हसायची, "घेते रं बाबा," म्हणायची आणि अंगानं तिरकी व्हायची. पाय तसाच. मला शाळेत असताना याची फार लाज वाटायची.

तर आत्याच्या मते तिचं दुखणं बिब्ब्यानं गेलं होतं. बिब्बा म्हणजे ते काळं फळ. सुईला टोचून दिव्यावर धरायचं, तेल सुटलं की दुखतं तिथं डागायचं. तिच्या गुडघ्यावर अजून त्या काळ्या फुल्या आहेत. मी दर वेळी हात जोडून म्हणायचे, की आत्या, तेवढं सोडून बोल.

पण बिब्बा सोडून बाकी सगळं झालं. राहुरीकडच्या एका हाड बसवणाऱ्याकडे नेलं. त्यानं शीर चढलीय असं सांगून गुडघा असा काही ओढला की माझ्या डोळ्यांपुढं अंधारी आली. मग तालुक्याला जाऊन एक्स-रे काढला. आमच्याकडं त्याला फोटोच म्हणतात. तिथं कुणीतरी तो उजेडाकडं धरून बघितला न बघितल्यासारखा केला आणि "फोटो नॉर्मल आहे" असं सांगितलं. नॉर्मल! मला पायरी उतरता येत नव्हती आणि फोटो नॉर्मल होता. आईनं तो मोठ्या पाकिटात घालून कपाटात साड्यांच्या खाली ठेवला. सर फोनवर म्हणाले, बघ, सगळं मनाचं असतं. मनाचं! तो शब्द ऐकून मी फोन भिंतीवर आपटायचीच बाकी राहिले होते.

शेवटी आईलाच दिसलं. मी केस पुसत उभी होते आणि ती म्हणाली, "तुजी ही मांडी बारीक का झालीय गं?" खरंच डावी मांडी उजवीपेक्षा नजरेत भरण्याइतकी वाळली होती. आई एरवी आमच्या दुखण्यांकडे फार बघत नाही, तिचं सगळं लक्ष गाईंच्या कासेकडं. पण जनावर पाय मारतं तेव्हा ते उगाच मारत नाही हे तिला पक्कं कळतं. त्याच आठवड्यात तिनं आप्पांना नगरला नेऊन सोडायला लावलं. पाटीवर आता अहिल्यानगर आहे, पण आमच्या तोंडातून अजून नगरच निघतं.

नगरच्या हाडांच्या डॉक्टरांनी पाय हातात घेऊन बघितला, मग जुना फोटो मागितला. आईनं साडीचा वास लागलेलं पाकीट पुढं केलं. त्यांनी तो दिव्यावर लावला आणि मांडीच्या हाडाच्या अगदी टोकाशी, सांध्याला चिकटून, पेनाचं टोक टेकवलं. तिथं एक गोल काळसर ठिपका होता, बोराएवढा. एकदा दाखवल्यावर तो मलाही दिसला, आईलाही दिसला. दाखवला नसता तर आम्हाला जन्मात दिसला नसता, पण बघणाऱ्याला तो पहिल्याच दिवशी दिसायला हवा होता. म्हणजे मी बैठका मारत होते, गुडघा ओढून घेत होते, इंजेक्शनं घेत होते, तेव्हा उत्तर आमच्या कपाटात साड्यांखाली पडून होतं. मला रडू आलं नाही. मला कुणाला तरी धरून गदागदा हलवावंसं वाटलं.

मग एमआरआय झाला, सुईनं तुकडा काढून तपासायला पाठवला, आणि वाट बघणं सुरू झालं. रिपोर्ट आल्यावर डॉक्टरांनी आम्हाला समोर बसवलं आणि नीट सावकाश सांगितलं. याला कॉन्ड्रोब्लास्टोमा म्हणतात. फार कमी लोकांना होतो, आणि होतो तो बहुतेक वाढत्या वयातल्या मुलामुलींना, हाडाच्या टोकाशी. गाठ आहे, पण कॅन्सर नाही. मात्र ती हाड आतून पोखरते. तशीच ठेवली तर वरचा सांध्याचा गुळगुळीत भाग आत खचेल, आणि मग गुडघा कायमचा जाईल. म्हणून हाडाला खिडकी पाडून ती खरवडून काढायची आणि पोकळी कमरेच्या हाडाचा चुरा घालून भरायची. तोवर पळणं सोडाच, त्या पायावर भारही टाकायचा नाही. "पुन्हा पळता येईल?" मी विचारलं. "सांधा खचायच्या आत ऑपरेशन झालं तर शक्यता चांगली आहे," ते म्हणाले. म्हणजे घाई होती, एवढं मला कळलं.

त्यांनी 'कॅन्सर नाही' हे किमान चार वेळा सांगितलं असेल. गावात पोचेपर्यंत त्यातलं 'नाही' कुठं गळून पडलं देव जाणे. दुसऱ्या दिवसापासून लोक भेटायला यायला लागले. आमच्याकडे आजाऱ्याला भेटायला रिकाम्या हातानं जात नाहीत, त्यामुळे घरात केळी आणि बिस्किटांचे पुडे साचले. बायका माझ्या शेजारी बसायच्या, माझ्या तोंडावरून हात फिरवायच्या आणि माझ्यासमोरच आईला सांगायच्या, "लई गुनी हुती गं पोरगी." हुती! मी समोर बसून केळं खात होते. मी ओरडून सांगायचे, की काकू, साधी गाठ आहे, मी मरत नाही. त्यावर त्या अशा काही मान हलवायच्या, की पोरीला बिचारीला सांगितलेलं दिसत नाही.

त्यात एक लांबच्या नात्यातली बाई आली आणि उचलली जीभ लावली टाळ्याला. तिच्या दिरानं गाठ कापून घेतली आणि महिन्यात गेला. गाठीला लोखंड लागलं की ती भडकते, असं तिनं आत्यापुढं ठासून सांगितलं. आत्यानं भाकरी थापता थापता ते ऐकलं. तिनं एक शब्द विचारला नाही. तेव्हाच मला कळायला हवं होतं, कारण आत्या गप्प बसते तेव्हा तिच्या डोक्यात काहीतरी पक्कं होत असतं.

ऑपरेशनला भरती व्हायच्या आदल्या दुपारी आई-आप्पा केंद्रावर गेले होते. मी पलंगावर पाय लांब करून पडले होते. आत्या समई पेटवून घेऊन आली. भरदुपारी समई बघून मला वाटलं, देवाचं काहीतरी असेल. मग तिच्या हातातली सुई दिसली.

"न्हाई म्हनू नको," ती म्हणाली. "एकदाच. उद्या ते लोखंड घालनार. त्याच्या आत येकदा बगू दे मला."

"आत्या, वेडी झालीस का? डॉक्टर मला मारतील."

"डाक्टर काय मारतोय. माजा दुखायचा थांबला का न्हाई? सांग. थांबला का न्हाई?"

मी पाय ओढून घ्यायला गेले, पण गुडघा वाकवला की जीव जायचा, आणि भाकऱ्या थापून थापून आत्याचे हात भलते दणकट आहेत. तिनं घोटा धरला. ती रडत होती, आणि रडत रडत माझ्या गुडघ्यावर फुल्या काढत होती. चटका बसला तशी मी किंचाळले. शेजारच्या काकू धावत आल्या, त्यांनी बघितलं आणि "बरं केलं," म्हणाल्या. आता बोला.

सकाळपर्यंत फुल्यांच्या जागी फोड आले होते, आणि भोवतीची कातडी लालबुंद होऊन पाण्यानं टरारली होती. हॉस्पिटलमध्ये डॉक्टरांनी माझी सलवार वर केली आणि नुसते बघत राहिले. मग म्हणाले, "या कातडीतून मी चाकू घालणार नाही. आत जंतू गेले तर हाडात पू होईल. घरी जा. सगळं पूर्ण भरून येऊ दे, मग बघू." आप्पांनी विनवण्या केल्या. डॉक्टर म्हणाले, "अहो, मला काय हौस आहे का? एक एक आठवडा महत्त्वाचा आहे हे मी तुम्हाला सांगितलं होतं." ते रागावले होते, आणि त्यांचं बरोबर होतं. कामात बिब्बा घातला म्हणतात ते उगाच नाही.

आम्ही परत निघालो. आधीच महिनोनमहिने वाया गेले होते, आता हे. घरी आत्या दारात उभी होती, तिला वाटलं गाठ विरघळली म्हणून परत पाठवलं. तिचा चेहरा उजळलेला बघून माझा जो तोल गेला, तो गेलाच. मी तिला वाट्टेल ते बोलले. तुझा पाय गेला म्हणून माझा घालवणार आहेस का, असंही बोलले. ती आत गेली आणि समई घासायला बसली, म्हणजे स्टुलावर पाय लांब करून, तिला बसता येतं तशी.

पुढचे आठवडे मी कुबड्यांवर काढले. सकाळी कॅनॉलवरून अकॅडमीच्या मुलींच्या पायांचा आवाज यायचा आणि मी उशी डोक्यावर घ्यायचे. भरतीची जाहिरात आधीच आली होती, आता ग्राउंड, म्हणजे पळण्याची चाचणी, झालं, आणि माझ्याबरोबरच्या दोघी त्यात निघाल्या. त्या पेढे घेऊन आल्या तेव्हा मी हसले, आणि त्या गेल्यावर पेढ्यांचा डबा गाईच्या गव्हाणीत नेऊन ओतला. आई बघून न बघितल्यासारखं करून गेली. माझं हाड आतून रोज थोडं थोडं पोखरलं जात असणार, आणि मी कातडी भरायची वाट बघत बसले होते.

ऑपरेशन झालं एकदाचं. सांधा थोडक्यात बचावला होता, असं डॉक्टर म्हणाले. गंमत म्हणजे गुडघ्यापेक्षा कंबर जास्त दुखली, जिथून हाड काढलं होतं तिथली. मग पुन्हा कुबड्या, मग एकेक बोट टेकवणं, मग व्यायाम. बाथरूममध्ये आत्यानं स्वतःचं लाकडी स्टूल मला दिलं आणि स्वतः उभ्यानं आंघोळ करायला लागली. माझं गरम पाणी, माझी भाकरी, माझ्या पायाखालची उशी, सगळं तीच बघायची. मी तिच्याशी कामापुरतं बोलायचे. मनात मात्र तिला सुनावायचं एक भाषण तयार होत होतं. बिब्ब्यानं काही बरं होत नसतं, आणि तुझ्यामुळं माझा पाय जाता जाता राहिला, हे कुणीतरी शहाण्या माणसानं तिला तोंडावर सांगावं, आणि ते ऐकायला मी तिथं असावं, एवढी माझी इच्छा होती.

गाठ परत येऊ शकते, म्हणून मधूनमधून फोटो काढायला जावं लागतं. पुढच्या वर्षी अशाच एका फेरीला आप्पांना केंद्र सोडता येईना, म्हणून माझ्याबरोबर आत्या आली. फोटो स्वच्छ होता. पोकळी हाडानं भरून आली होती. डॉक्टर म्हणाले, "हळूहळू पळायला लाग. आधी गवतावर." मी इतकी खूश झाले की त्यांच्या पाया पडायला उठले, आणि माझ्यामागोमाग आत्याही बाकावरून उठली. ती उठताना डॉक्टरांनी तिच्याकडं बघितलं.

"तुमच्या गुडघ्याला काय झालंय?"

"काय न्हाई," आत्या हसून म्हणाली. "ल्हानपनी लई दुकायचा. बिब्ब्यानं बरा झाला."

मी मनात म्हटलं, आता ऐक. डॉक्टरांना फुल्या आठवल्या असणार. पण ते रागावले नाहीत. म्हणाले, "एक फोटो काढू." आत्या नको नको म्हणत होती, तरी मी तिला नेलं. मशीनपुढं ती साडी वर धरून अवघडून पडली, देवळात चुकून गाभाऱ्यात शिरल्यासारखी.

फोटो दिव्यावर लागला. माझ्या फोटोत दोन हाडांच्या मध्ये एक फट असते, ती आता मला ओळखू येते. आत्याच्या फोटोत ती फटच नव्हती. वरचं हाड आणि खालचं हाड मिळून एकच सलग हाड झालं होतं.

"दुखायचं थांबलं," डॉक्टर म्हणाले, "कारण दुखायला सांधाच राहिला नाही."

आत्या फोटोकडं बघत राहिली. मग म्हणाली, "हिच्यासारकी गाठ हुती का?"

"आता नाही सांगता येत. ही गाठ काही घराण्यात चालत येत नाही. मला तर टीबीचा संशय वाटतो. सांध्याचा टीबी असा शेवटी हाड चिकटवून टाकतो."

"तवा फोटू काडला आसता तर कळलं आसतं?"

"कळलं असतं."

"आन काय क्येलं आसतं? कापलं आसतं?"

डॉक्टरांनी चष्मा काढला. "टीबी असता तर बहुतेक कापायची गरज पडली नसती. लवकर कळतं तर गोळ्या दिल्या असत्या."

"नुसत्या गोळ्या?"

"हो. बरेच महिने, पण गोळ्याच."

मी तिच्या शेजारी उभी होते. माझं भाषण तयार होतं आणि मला त्यातला एक शब्द आठवेना. डॉक्टरांनी दोन्ही फोटो दोन पाकिटांत घालून दिले. आत्यानं तिचं पाकीट माझ्याकडं दिलं नाही, काखेत धरलं.

स्टँडवर बस भरलेली होती. मला खिडकीची सीट देऊन ती कडेला बसली, पाय वाटेत लांब करून. मला तिच्या वतीनं भांडावंसं वाटत होतं, पण कुणाशी भांडायचं हेच कळत नव्हतं. तिचे आई-वडील केव्हाच गेले. तेव्हा तिला बिब्बा घालणारी कोण म्हातारी होती, तीही गेली. गोळ्या तेवढ्या तेव्हाही होत्या.

कंडक्टर तिकिटं फाडत आला. "मावशी, पाय आत घ्या."

मला वाटलं, आता हसेल आणि तिरकी होईल. ती हसली नाही. जागची हललीही नाही.

"न्हाई यायचा तो आत," ती म्हणाली. "कुनी फोटूच न्हाई काडला त्याचा."

कंडक्टरला काही कळलं नाही. तो तिचा पाय ओलांडून पुढं गेला.